साडेतेरा हजार किलोमीटरचा मंगळवार

"किती र्‍हायलं गं?"

"दोन हजार नऊशे चौतीस किलोमीटर. तीन तास चोपन्न मिनिटं," मी समोरच्या छोट्या पडद्यावरून वाचून सांगितलं.

"मघाशी तीन हजार काहीतरी म्हणालीस."

"मघाशी होतेच तेवढे. विमान चालू आहे ना, मावशी. कमी होणारच."

"लई हळू कमी होतंय," शेवंतामावशी म्हणाल्या आणि परत डोळे मिटून बसल्या.

फ्रँकफर्ट सोडल्यापासून हे नवव्यांदा की दहाव्यांदा चाललं होतं. त्यांच्यासमोरही तसाच पडदा होता. मी तो तीनदा लावून दिला होता. पण त्यांना त्याचा भरवसा नव्हता. "माझ्यातलं खरं का तुझ्यातलं?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हापासून मी तो नाद सोडला.

त्यांच्या मनगटावर भारतातली वेळ होती. घड्याळ बदलायला त्यांनी साफ नकार दिला होता. आता त्यात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी याच क्षणाची वाट पाहत होते.

"मावशी, उठा. झाला चंद्रोदय. मुंबईचा दहा पाचलाच होता ना? तुमच्याच कॅलेंडरात आहे. आता खा काहीतरी."

त्यांनी खिडकीची झडप वर सरकवली. बाहेर ढगांवर लख्ख ऊन पडलं होतं. त्यांनी बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ऊन हाय की," त्या म्हणाल्या आणि झडप खाली ओढली.

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

या बाई माझ्या कुणीही नव्हत्या. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, पुण्यात एका औषध कंपनीत आकडेमोडीचं काम करत होते, आणि कंपनीने मला तीन महिन्यांसाठी शिकागोला पाठवलं होतं. आईच्या भिशीतल्या एका बाईंच्या वहिनी कराडच्या. त्यांच्या शेजारी पिठाची गिरणी, ती शेवंतामावशी जगदाळ्यांची. त्यांची लेक सुवर्णा शिकागोजवळ राहायची, तिला आठवा महिना लागला होता, आणि मावशी बाळंतपणाला निघाल्या होत्या. त्यांना सोबत हवी होती. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की ही बातमी वासासारखी पसरते आणि कुणाची तरी आई आपल्या गळ्यात येते. मला आईने विचारलंसुद्धा नाही. "तुझं तिकीट त्याच विमानाचं निघालं, बघ," असं कौतुकाने सांगितलं.

मुंबई विमानतळावर त्यांच्या मुलाने त्यांना माझ्या हवाली केलं. दोन अवजड बॅगा, हातात पिशवी, गळ्यात पासपोर्टची चंची. "आईला शुगर आहे, ताई. तेवढं लक्ष द्या," तो म्हणाला. एवढं सांगितलं, पण खरी गोष्ट सांगितली नाही. ती मला विमानातल्या पहिल्या जेवणाच्या वेळी कळली.

"मला नको. आज अंगारकी हाय."

"मग फळं घ्या. फळं चालतात."

"मला चालत न्हाईत. सुवर्णाला दिवस गेल्यापास्नं माझी चतुर्थी निस्त्या पाण्यावर. चंद्र बघून सोडायची. हे पोर सुखरूप हातात येईपतोर मोडायची न्हाई."

मी म्हटलं, ठीक आहे, मोठ्या माणसांचं असतं काहीतरी. मग सहज विचारलं, "पण मावशी, नेमका उपासाच्या दिवशीचाच प्रवास का घेतलात?"

त्यावर त्यांनी पिशवीतून तिकिटाचा कागद काढून मला समजावून सांगितलं. अगदी गिर्‍हाइकाला दळणाचा हिशोब सांगावा तसं. मंगळवारी पहाटे तीनला दहा कमी असताना विमान निघतं, मंगळवारीच दुपारी साडेतीनला पोचतं. म्हणजे झाले पावणेतेरा तास. अंगारकीला निघायचं, अंगारकीलाच पोचायचं, याहून चांगला दिवस कुठला? पोचल्यावर अंघोळ करायची, मोदक करायचे, नि रात्री चंद्र बघून लेकीबरोबर जेवायचं. हा हिशोब त्यांनी गिरणीत येणार्‍या सगळ्यांना दाखवला होता आणि सगळ्यांनी तो मान्य केला होता. मुलाने मान्य केला होता. तो बँकेत होता, तरी.

"मावशी, ते दुपारचे साडेतीन तिकडचे आहेत."

"व्हय. तिकडंच चाललोय न्हवं आपण."

"अहो, तिकडे साडेतीन वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसर्‍या दिवसाचे पहाटेचे दोन वाजलेले असतात. हा पावणेतेरा तासांचा प्रवास नाही. तेवीस तासांचा आहे. साडेतेरा हजार किलोमीटर. आपण पश्चिमेला चाललोय, दिवसाच्या बरोबरीने. हा मंगळवार संपतच नाही."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "पण मंगळवारच हाय न्हवं?"

फ्रँकफर्टच्या विमानतळावर नाणी टाकून चालणारा एक संगणक होता. तिथे उभं राहून मी शिकागोचा त्या दिवशीचा चंद्रोदय शोधला. रात्री अकरा वाजून पाच मिनिटं. जून महिना, तिकडे चंद्र आणखीच उशिरा निघणार. मावशी आदल्या रात्री कराडहून येताना वाटेत आठ-साडेआठला जेवल्या होत्या. मी तिथल्या तिथे हिशोब केला. सदतीस तास. साठीच्या बाईने, मधुमेह असलेल्या, नुसत्या पाण्यावर सदतीस तास काढायचे. आणि ही बाई साखरेच्या गोळ्या मात्र घड्याळ बघून नेमाने घेत होती. "गोळी औषध हाय, ती खाण्यात धरत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

मी तिथे त्यांच्याशी भांडले. खाण्याचा नि बाळाचा काय संबंध, म्हटलं. मुंबईचा चंद्रोदय धरा म्हटलं. त्या म्हणाल्या, मी मुंबईत हाय का? मग कराडचा धरा म्हटलं. तोही पटला नाही. जिथं आपण असू तिथला चंद्र. या एका बाबतीत त्यांचं तर्कशास्त्र माझ्यापेक्षा पक्कं होतं आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. शेवटी मी त्यांच्यासमोर बसून मुद्दाम एक भलंमोठं कोंबडीचं सँडविच खाल्लं. त्यांनी फक्त आपली पिशवी थोडी पलीकडे घेतली.

शिकागोला उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पासपोर्ट तपासायच्या रांगेत आमच्यापुढे दोनअडीचशे माणसं. मी त्यांना एक हात देऊन उभं केलं होतं. त्यांचा तळवा ओला होता, थंड होता.

"किती र्‍हायलं गं?" त्या पुटपुटल्या.

"पोचलो, मावशी. आता काही राहिलं नाही. सुवर्णा बाहेर उभी असेल."

"चंद्राला म्हणते मी."

"साडेसात तास," मी दात आवळून म्हटलं.

त्यानंतर दोन मिनिटांत त्या खाली बसल्या. बसल्या म्हणजे गुडघ्यातून मुडपल्याच. रांग फुटली, कुणीतरी धावलं, गणवेशातली एक बाई आणि एक पुरुष पेटी घेऊन आले. त्यांनी बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघितली आणि एकमेकांकडे पाहिलं. त्या बाईने संत्र्याच्या रसाचा छोटा डबा नळी घालून मावशींच्या तोंडाशी धरला. मावशींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"काय झालं? पीत का नाहीत त्या?" बाईने मला विचारलं.

मी तिला उपास सांगितला. ती समजूतदार होती. म्हणाली, साखर फार खाली गेली आहे, आत्ता हे प्यायल्या तर दहा मिनिटांत बर्‍या होतील. नाही प्यायल्या तर आम्हाला त्यांना दवाखान्यात न्यावं लागेल. त्यांना तसं नीट सांगा.

मी मावशींच्या शेजारी जमिनीवर बसले. इतका वेळ मोठ्या माणसाचा मान म्हणून जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"ऐका. बाहेर तुमची लेक आठव्या महिन्याचं पोट घेऊन उभी आहे. हे लोक तुम्हाला आता गाडीत घालून नेणार. ती तुम्हाला तशी बघेल. मग तिला काही झालं, तर ते कुणामुळे? तुमच्या गणपतीमुळे का तुमच्या हट्टामुळे? एक घोट घ्या आणि हा तमाशा संपवा."

मावशींनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता. मला कान जवळ न्यावा लागला.

"दोनदा घेतलाय घोट."

"म्हणजे?"

"आदी दोन पोरं गेली सुवर्णीची. पहिल्या टायमाला पावसाचे दिवस. चंद्र काय दिसंना. गिरणीत दिवसभर उभी, पोटात आग पडलेली. म्हटलं निघाला असंल ढगामागं, नि जेवले. तिसर्‍या दिवशी फोन आला. दुसर्‍या टायमाला लग्नात होते. चतुर्थी हाय हेच ध्यानात न्हाई. जिलबी खाल्ली दुपारी. त्याच आठवड्यात गेलं पोर." त्यांनी धाप टाकली. "दोन्ही बारीला मीच खाल्लंय, पोरी. आता न्हाई खात."

माझा राग जागच्या जागी होता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. ती गणवेशातली बाई हातात डबा धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग मला एकदम माझी आजी आठवली. तिला ताप होता तेव्हा तिची एकादशी माझ्या आत्याने पुरी केली होती.

"मावशी, आजारी माणसाचा उपास दुसर्‍याने पुरा केला तर चालतो ना?"

"घरचं माणूस लागतंय."

"मी घरचीच. तेवीस तास तुमच्याजवळ बसलेय. आणखी कोण आहे इथे?"

"तू कोंबडी खाल्लीस."

"मघाशी खाल्ली. आता नाही खाणार. इथून पुढे रात्री अकरा पाचपर्यंत तुमचा उपास माझा. पाण्यावर. चंद्र बघून सोडेन."

"तुझा इस्वास न्हाई."

"तुमचा आहे ना? मग झालं. मला द्या आणि तुम्ही रस प्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतकं निरखून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला आणि पाणी मागितलं. त्या बाईने दिलेल्या बाटलीतलं थोडं पाणी मी त्यांच्या ओंजळीत ओतलं. त्यांनी ते डोळे मिटून, ओठ हलवत माझ्या तळहातावर सोडलं. तिथून ते विमानतळाच्या जमिनीवर सांडलं.

"बघ हां," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर सोपवलंय." आणि नळी तोंडात घेतली.

दहा मिनिटांत त्यांच्या चेहर्‍यावर रंग आला. तासाभराने आम्ही बाहेर पडलो. सुवर्णा दोन्ही हात पोटाखाली धरून उभी होती. मायलेकी एकमेकींना बिलगल्या, पण मावशींनी तिच्या चेहर्‍याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. सुवर्णाने मला तिचा फोन नंबर लिहून दिला आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

कंपनीने मला एका इमारतीत खोली घेऊन दिली होती. मी आत गेले, बूट काढले, अंघोळ केली. झोपेने डोळे चुरचुरत होते. फ्रिज उघडला तर कुणीतरी माझ्यासाठी पाव, चीज आणि दूध ठेवलेलं. मी उभ्याउभ्याच सँडविच करून खायला लागले. अर्धं खाऊन झालं तेव्हा आठवलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजले होते.

हातात उरलेलं अर्धं सँडविच होतं. मी आधी स्वतःवर चिडले, मग मावशींवर, मग आईवर आणि तिच्या भिशीवर. एका बाईच्या वेडगळपणाचं ओझं मी का वाहायचं? काय होणार आहे याने? उरलेलं अर्धं मी रागाने खाल्लं. वर दूध प्यायले आणि झोपले. चंद्र पाहिलासुद्धा नाही.

पुढचे पाच आठवडे मात्र माझी झोप उडाली. मी आकडेमोड करणारी बाई. माझ्या सँडविचचा त्या बाळाशी काही संबंध नाही, हे मला कागदावर सिद्ध करून दाखवता आलं असतं. तरी दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून मी सुवर्णाला फोन करायची. फोन वाजत राहिला की मी घंटा मोजत बसायची. कधी मावशी फोनवर आल्या की विचारायच्या, "चंद्र दिसला होता न्हवं गं?" आणि मी म्हणायची, "हो." असं मी चार वेळा खोटं बोलले. ऑफिसात माझी दोन कोष्टकं चुकली, ती वेगळीच.

जुलैच्या शेवटी मुलगी झाली. तीन किलो, रडण्याचा आवाज फोनवरूनही कानठळ्या बसवणारा. मी ऑफिसच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले.

बारसं त्यांनी सवडीने ऑगस्टमध्ये, एका रविवारी केलं. दहा-बारा माणसं. पाळणा म्हणून दुकानातला झुलणारा पाळणाच होता, त्याला मावशींनी कराडहून आणलेली लोकरीची झालर बांधली होती. जेवणं झाली, पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले. मावशींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पाटावरच्या ताटात हिरवं नऊवारी, खण, नारळ, तांदूळ तयार.

"बस. तुझी ओटी भरते. हे पोर तुझ्यामुळं आलंय."

"मावशी, माझं लग्न झालं नाही अजून. राहू दे."

"त्याचं मला सांगू नको. तू घरची म्हणून घेतलंस माझ्याकडनं. पसर पदर."

मी ओढणी पसरली. त्यांनी मूठभर तांदूळ उचलले. मला ते घेता येईनात. मी ओढणी गोळा करून छातीशी धरली आणि म्हणाले, "मी खाल्लं होतं."

"काय?"

"त्या दिवशी. खोलीवर गेले आणि खाल्लं. अर्धं विसरून खाल्लं, अर्धं आठवल्यावर. चंद्र पाहिला नाही. तुम्हाला खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता त्या ताट उधळतील. मी तयारीत होते. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांच्या मुठीतले तांदूळ तसेच होते. "काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"चीजचं सँडविच. आणि दूध."

"किती वाजता?"

"साडेसहा."

"म्हंजी चंद्राच्या कितीतरी आदी."

"साडेचार तास."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. परत मोजलं. बाहेरच्या खोलीत बाळ किंचाळलं आणि सगळे हसले. मावशींनी तिकडे मान वळवली, बराच वेळ ऐकत राहिल्या. मग हातातले तांदूळ हळूच ताटात ठेवले आणि ओट्याला टेकून खाली जमिनीवर बसल्या.

"तू खाल्लंस," त्या म्हणाल्या. "तरी पोर आलं."

"हो."

"मग ती दोन..."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मी त्यांच्या शेजारी बसले. या गोष्टीला सोळा वर्षं झाली, पण मी त्यांच्याहून किती हुशार आहे असं त्या प्रवासात वाटत होतं, ते आठवलं की अजून मला माझीच चीड येते. खाण्याचा नि बाळाचा संबंध नाही, हे मी त्यांना तेवीस तास दहा तर्‍हांनी सांगितलं होतं. एकही तर्‍हा उपयोगी पडली नव्हती.

"सात वर्षं," मावशी म्हणाल्या. "सात वर्षं मी माझ्या लेकीच्या डोळ्याला डोळा दिला न्हाई गं. तिला वाटतं, आई चिडलीय तिच्यावर. पोर टिकत न्हाई म्हणून."

त्यांनी पदराने तोंड पुसलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "सुवर्णीला आत बोलाव. बाळ तिथंच र्‍हाऊ दे. तिला एकटीला बोलाव."